वाचकांचे प्रश्न : वळणारा लॅपटॉप घ्यायचा तर पैसे कशावर घालायचे?

गेल्या अंकात टू-इन-वन, म्हणजे लॅपटॉप आणि टॅब्लेट अशा दोन्ही प्रकारे वापरता येणाऱ्या लॅपटॉपबद्दल प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांचा सूर एकच : 'चांगला आणि परवडणारा कुठला, नाव सांगा.' नुसत्या नावाने काम भागत नाही. एकाच नावाखाली आठ जीबी रॅमचा आणि सोळा जीबीचा, फिक्या स्क्रीनचा आणि चांगल्या स्क्रीनचा असे चार-पाच भाऊ विकले जातात आणि दुकानदार त्यातला शिल्लक असेल तो पुढे करतो. म्हणून खाली नावं कमी आणि पारख जास्त.

प्रश्न : मी अकरावी-बारावीचे फिजिक्सचे क्लास घेते. निम्मी मुलं ऑनलाइन असतात. फळ्यासारखं स्क्रीनवर लिहायचं आणि तेच रेकॉर्ड करायचं आहे. बजेट ७० हजार. ३६० अंशांत वळणारा घेऊ की कीबोर्ड सुटा होणारा? (शिक्षिका, सांगली)

रोज तासभर तरी स्क्रीनवर लिहिणं होणार असेल तरच या लॅपटॉपचे पैसे वसूल होतात. तोच प्रोसेसर, तीच रॅम असलेला साधा लॅपटॉप बराच स्वस्त पडतो. वरचा खर्च जातो तो हिंज (स्क्रीनची बिजागरी), टचची काच आणि पेन ओळखणारा थर यांवर. तुमचं कामच लिहिण्याचं आहे, तेव्हा हा खर्च रास्त आहे.

३६० अंशवाल्यात स्क्रीन पूर्ण मागे वळून बेसच्या पाठीला टेकते. वजन मात्र कुठे जात नाही. १४ इंची मशीन साधारण दीड ते पावणेदोन किलोचं असतं. हातात धरून, फिरत शिकवायची कल्पना असेल तर ती सोडा. टेबलावर ठेवून मात्र उत्तम लिहिता येतं. मागच्या कडेखाली एखादं जाड पुस्तक सरकवून पंधरा-वीस अंशांचा उतार दिला की मानेला त्रास होत नाही. या अवस्थेत कीबोर्डच्या कळा खाली टेबलाला टेकतात. त्या बंद असतात, पण टेबलावरची धूळ आणि खडूचा भुगा त्यांच्यात जातो, तेव्हा खाली कापड अंथरा. तंबूसारखा उभा करून लिहायला जाऊ नका. दर अक्षराला स्क्रीन हलते आणि वैतागून आठवड्यात पेन ड्रॉवरमध्ये जातं.

सुट्या कीबोर्डच्या प्रकारात सगळं यंत्र स्क्रीनच्या मागे असतं. मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो ९ कीबोर्डशिवाय ८७९ ग्रॅमचा आहे, पाठीचं स्टँड जवळजवळ आडवं होतं आणि लिहायला तो या दोन्हींत सरस आहे. पण जाहिरातीतली किंमत बहुतेक वेळा नुसत्या स्क्रीनची असते. कीबोर्ड आणि पेन वेगळं घेतलं की ७० हजारांचा हिशेब कोलमडतो. मांडीवर ठेवून टाइप करायलाही तो डुगडुगतो. तुमच्या बजेटात ३६० अंशवालाच घ्या.

स्क्रीनचा आकार बघताना इंचांपेक्षा प्रमाण बघा. १४ इंची, १६:१० प्रमाणाची स्क्रीन उभी धरली की रुंदी सुमारे १८.९ सेंटिमीटर आणि उंची ३०.२ सेंटिमीटर भरते. ए-४ कागद २१ गुणिले २९.७ सेंटिमीटरचा, म्हणजे प्रश्नपत्रिकेचं पान जवळजवळ खऱ्या आकारात दिसतं. १४ इंचीच पण १६:९ असेल तर रुंदी १७.४ वर येते. फरक दीड सेंटिमीटरचाच, पण समासात आकृती काढायची जागा त्यातच जाते. दोन्ही प्रमाणांची मशीनं दुकानात शेजारी-शेजारी असतात. डब्यावर १९२० गुणिले १२०० लिहिलं असेल तर १६:१०, १९२० गुणिले १०८० असेल तर १६:९.

रेकॉर्डिंगसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. स्क्रीन रेकॉर्ड करणारं ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर प्रोसेसरमधल्याच व्हिडिओ एन्कोडरवर (व्हिडिओ आवळून साठवणाऱ्या वेगळ्या भागावर) काम भागवतं. सेटिंगमध्ये 'आउटपुट'खाली इंटेलचा क्विकसिंक किंवा एएमडीचा हार्डवेअर एन्कोडर निवडा. तो न निवडता एक्स२६४ हा सॉफ्टवेअर एन्कोडर ठेवलात तर सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा फुल स्पीडने फिरतो आणि तो आवाज माइकमध्ये शिरतो. लिहायला मायक्रोसॉफ्टचं वननोट चालेल. पीडीएफवरच लिहायचं असेल तर झुर्नल प्लस प्लस मोफत आहे आणि हलकं आहे.

एचपीचे पॅव्हिलियन आणि एन्व्ही एक्स३६०, लेनोवोचे योगा आणि आयडियापॅड फ्लेक्स, डेलचे इन्स्पिरॉन टू-इन-वन, असूसचे व्हिवोबुक फ्लिप या मालिकांत बघा. आणि एक दुसरा रस्ता : घरचा लॅपटॉप अजून धड असेल तर त्याला तीन ते सहा हजारांचा यूएसबी पेन टॅब्लेट जोडा. हात खाली पाटीवर आणि नजर वर स्क्रीनवर ठेवायची सवय व्हायला आठ-दहा दिवस जातात. ती एकदा झाली की फळ्याचं काम तेवढ्यात होतं आणि ७० हजार शिल्लक राहतात.

प्रश्न : आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. दुकानदार म्हणतो, 'टच आहे म्हणजे कुठलंही पेन चालेल.' ऑनलाइन दोनशे रुपयांपासून दहा हजारांपर्यंत पेनं दिसतात. खरं काय? (विद्यार्थिनी, नाशिक)

दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे. दोनशे रुपयांचं रबरी टोकाचं पेन कुठल्याही टचवर चालतं, कारण स्क्रीनला ते बोटच वाटतं. त्यात दाब कळत नाही, तळहात टेकला की तोही रेघ काढतो. चित्राला आणि नोट्सना ते निरुपयोगी.

खऱ्या पेनाला स्क्रीनची साथ लागते, आणि इथे भाषा जुळावी लागते. विंडोजच्या मशीनवर मुख्यतः तीन भाषा आहेत. एक एमपीपी, म्हणजे मायक्रोसॉफ्टची. सरफेस, एचपीचे एक्स३६० आणि असूसची बरीच मॉडेलं ती वापरतात. दुसरी वॅकॉमची एईएस, जी लेनोवोच्या थिंकपॅडसारख्या ऑफिसच्या मशीनवर भेटते. तिसरी ईएमआर, जी सॅमसंगच्या गॅलॅक्सी बुक ३६० मालिकेत आहे. तिच्या पेनात बॅटरीच नसते. एमपीपीचं पेन ईएमआरच्या स्क्रीनवर रेघसुद्धा काढत नाही. एमपीपी आणि एईएस दोन्हींवर चालणारी पेनं मिळतात, पण ती ठरवून शोधावी लागतात. क्रोमबुकची भाषा आणखी वेगळी, तिला यूएसआय म्हणतात. ॲपल पेन्सिल यातल्या कशावरच चालत नाही. लेनोवो आणि डेलमध्ये मॉडेलप्रमाणे भाषा बदलते, म्हणून कंपनीच्या साइटवर नेमक्या मॉडेल नंबरच्या पानावर 'पेन' हा शब्द शोधा. तिथे तो नसेल आणि नुसतं 'मल्टीटच' असेल, तर ते मशीन पेनासाठी नाही, भले ते ३६० अंशांत वळो.

दुकानात पेंट किंवा व्हाइटबोर्ड उघडून पाच मिनिटं तपासा. प्लॅस्टिकची पट्टी स्क्रीनवर तिरकी ठेवा आणि तिच्या कडेने अगदी सावकाश रेघ ओढा. हात सरळ असूनही रेघ नागमोडी आली तर तो त्या स्क्रीनचा दोष आहे. पेन बदलून तो जात नाही. भरभर ओढलेली रेघ कुठल्याही मशीनवर सरळ दिसते, म्हणून विक्रेता नेहमी भरभर ओढून दाखवतो. मग मराठीत एक ओळ बारीक अक्षरांत लिहा, अर्ध्या सेंटिमीटर उंचीची. 'संबंधितांनी' लिहून बघा. हलक्या दर्जाच्या पेनाला अनुस्वाराचा ठिपका लागतच नाही, किंवा ठिपक्याला शेपूट फुटते. शिरोरेघ आणि वेलांटी एकमेकांना चिकटतात. इंग्रजी सलग लिपीत हे दोष झाकले जातात, देवनागरीत लगेच उघडे पडतात. शेवटी तळहात आधी टेकवा आणि मग पेन आणा. मध्ये डाग उमटले तर सेटिंगमध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस'मधल्या 'पेन अँड विंडोज इंक'खाली पेन चालू असताना टच बंद ठेवायचा पर्याय आहे, तो लावून पुन्हा बघा.

पेनात कुठली बॅटरी आहे तेही विचारा. बऱ्याच स्वस्त पेनांत एएएए, म्हणजे चार ए असलेली, पेन्सिल सेलपेक्षाही बारीक बॅटरी लागते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ती मिळत नाही. दोन जास्तीच्या मागवून ठेवा आणि सुट्टीत पेन पडून राहणार असेल तर बॅटरी काढून ठेवा, नाहीतर ती गळून आतलं टोक खराब करते. टाइप-सीवर चार्ज होणारं पेन थोडं महाग, पण कटकट नाही.

आता तुझ्या अभ्यासक्रमाबद्दल, जे तू विचारलं नाहीस. पहिल्या वर्षी बरंच काम ड्राफ्टिंग बोर्डवर हाताने असतं. पुढे स्केचअप, रेव्हिट ही इमारतीचं मॉडेल करायची सॉफ्टवेअर आणि रेंडरिंग (मॉडेलचं खरं वाटेल असं चित्र बनवणं) येतं. रेंडरिंगच्या लुमियनसारख्या सॉफ्टवेअरला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागतंच. परवडणाऱ्या वळणाऱ्या लॅपटॉपमध्ये ते नसतं; असूसच्या आरओजी फ्लोसारख्या मोजक्या मशीनमध्ये असतं, आणि ती परवडणारी नाहीत. तेव्हा ग्राफिक्स कार्ड असलेला साधा लॅपटॉप आणि सोबत पेन टॅब्लेट, हेच तुझ्यासाठी सरळ गणित आहे.

प्रश्न : मुलासाठी दोन मॉडेलं निवडली आहेत. एकात इंटेल आय५ आणि ८ जीबी रॅम, दुसऱ्यात एएमडीचा रायझन ५ आणि १६ जीबी. किंमत जवळपास सारखी. मित्र म्हणतात आय५ म्हणजे आय५. (पालक, छत्रपती संभाजीनगर)

रायझनचा पूर्ण नंबर वाचल्याशिवाय उत्तर देता येत नाही, आणि तुम्ही तो लिहिलेला नाही. ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे आतला गाभा झेन २ या जुन्या पिढीचा, तोही चारच कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले कामकरी भाग). ७५३०यू मध्ये ३ आहे, म्हणजे झेन ३, सहा कोअर. नावात दहाचाच फरक, पण मशीन वेगळंच. ७५२०यू असेल तर सोडून द्या. ७५३०यू किंवा त्यापुढचा असेल आणि १६ जीबी असेल, तर तोच घ्या.

इंटेलकडेही असाच गोंधळ आहे. आय५-१२३५यू आणि आय५-१३३५यू यांत शाळा-कॉलेजच्या कामाला जाणवेल असा फरक नाही. दोन्हींत दहा कोअर : दोन मोठे, आठ लहान. नवं नाव घेऊन आलेला कोअर ५ १२०यू हा त्याच कुळातला आहे. 'कोअर अल्ट्रा' मात्र वेगळं घराणं, बॅटरी जास्त पुरवणारं. त्यामुळे कोअर ५ चे पैसे कोअर अल्ट्रा ५ च्या भावाने देऊ नका.

खरा मुद्दा रॅमचा. विंडोज ११ नुसतं सुरू झालं की तीन-चार जीबी खातं, अंगभूत ग्राफिक्स त्यातलाच वाटा घेतं. क्रोमचे पंधरा टॅब आणि ऑनलाइन तास उघडला की ८ जीबी संपले. साध्या लॅपटॉपात पुढे कधी तरी रॅम वाढवता येते. वळणाऱ्या, पातळ मशीनमध्ये ती बहुतेकदा मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. जेवढी घ्याल तेवढीच जन्मभर. लेनोवोच्या पीएसआरईएफ साइटवर प्रत्येक मॉडेलचं पत्रक आहे, त्यात मेमरीसमोर 'सोल्डर्ड' आणि 'नो स्लॉट्स' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. दुकानातल्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स', मग 'मेमरी' बघा. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर सोल्डर केलेली, 'एसओडीआयएमएम' दिसलं तर स्लॉटमधली. स्लॉट असेल तर ८ जीबीचं घेऊन नंतर दुसरी पट्टी घालणं चालतं. इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सला दोन पट्ट्या लागतातच, एकच असेल तर ते 'यूएचडी' म्हणून सुस्त चालतं.

एसएसडीची, म्हणजे फाइली साठवणाऱ्या डिस्कची, फार चिंता नको. ती जवळजवळ नेहमीच बदलता येते, ५१२ जीबीने सुरुवात पुरे.

स्क्रीनच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असेल तर रंग फिके दिसतील हे धरून चाला. नोट्स आणि अभ्यासाला ते चालतं, फोटो-डिझाइनला नाही. तिथे '१०० टक्के एसआरजीबी' हवं. (एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते याची मापं.) या स्क्रीन चकचकीत काचेच्या असतात, खिडकीसमोर स्वतःचाच चेहरा दिसतो. २५० निट्सची (निट्स हे उजेडाचं माप) स्क्रीन दिवसा कमी पडते, ३०० किमान, ४०० असेल तर सुख. बॅटरीचे 'बारा तास' वाचू नका, वॉट-अवर, म्हणजे तिच्यात किती वीज साठते ते वाचा. ५० वॉट-अवरची बॅटरी आणि साध्या कामाला सरासरी ७ वॉट, म्हणजे सात तास.

प्रश्न : लॅपटॉप मागे वळवून पुन्हा सरळ केला की कधी-कधी कीबोर्डच बंद राहतो. रिस्टार्ट केल्यावर चालतो. कीबोर्ड बदलावा का? (वाचक, पणजी)

नको. कीबोर्ड शाबूत आहे. स्क्रीन किती वळली हे ओळखणारे सेन्सर अडकले आहेत आणि मशीनला ते अजून टॅब्लेटच वाटतंय. त्याचं एक कारण अनेकांच्या लक्षात येत नाही : लोहचुंबकाची फ्लॅप असलेलं मोबाइल कव्हर कीबोर्डशेजारी ठेवलं की सेन्सर फसतो, कधी मशीन झोपतंही. मोबाइल बाजूला ठेवून बघा.

तेवढ्याने भागलं नाही तर शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करा. नुसतं शट डाउन केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवटच बंद होतं. चार्जर काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून ठेवा, मग सुरू करा. नंतर कंपनीच्या साइटवरून सिरियल नंबर घालून सेन्सरचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) आणि बायोस (विंडोजच्याही आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) ताजे करा. ड्रायव्हर कुठल्या तरी 'ड्रायव्हर अपडेटर' सॉफ्टवेअरने घालू नका, बरेचदा तिथूनच हे दुखणं सुरू होतं. स्क्रीन उभी-आडवी फिरत नसेल तर विंडोज आणि ओ ही बटणं एकत्र दाबा, चुकून फिरणं लॉक झालेलं असतं.

प्रश्न : निवृत्त झालो आहे. वाचन, पीडीएफवर खुणा, थोडं लेखन एवढंच काम. नवा घेण्याइतकी गरज नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ऑफिसातून निघालेले टू-इन-वन ३० हजारांच्या आसपास दिसले. घ्यावेत का? (वाचक, डोंबिवली)

तुमच्या कामाला हा सौदा नव्या ४५ हजारांच्या मशीनपेक्षा चांगला ठरू शकतो. ऑफिसची मशीनं धातूच्या बांध्याची असतात, त्यांचे हिंज स्वस्त नव्या मशीनपेक्षा दणकट. पण पिढी नीट निवडा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. थिंकपॅड एक्स१ योगामध्ये तिसऱ्या आवृत्तीपासून पुढे बघा, दुसरीत सातवी पिढी आहे. एचपी एलिटबुक एक्स३६० १०३० मध्ये जी३ पासून पुढे, जी२ नको. डेल लॅटिट्यूड ७४०० टू-इन-वन आठव्या पिढीचा आहे, चालेल. दुकानदार जी२ वर विंडोज ११ 'टाकून' देतो. तो जुगाड एखाद्या मोठ्या अपडेटला अडतो. या सगळ्यांत रॅम सोल्डर केलेली आहे, तेव्हा १६ जीबीवालाच मागा. एक्स१ योगाच्या त्या आवृत्तीत एक सोय गंमतशीर आहे : स्क्रीन मागे वळवली की कळा आत बसतात, आणि पेन बाजूच्या खाचेत राहून चार्ज होतं. पेन त्या खाचेत आहे ना, ते आधी बघा. अनेकदा मालक बदलताना तेच हरवलेलं असतं.

दुकानात विंडोज तुमच्यासमोर रीसेट करायला लावा आणि सेटअपच्या वेळी मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा. इंटरनेट मिळताच एखाद्या कंपनीचं नाव आणि तिथला लॉगिन मागणारं पान आलं, तर ते मशीन त्या कंपनीच्या नोंदीतून सुटलेलं नाही. तिथून उठा. इंटरनेट न जोडता दाखवलेलं मशीन घरी आणून पहिल्यांदा रीसेट केल्यावर हे पान समोर येतं, आणि तेव्हा दुकानदार ओळख देत नाही. बायोसला पासवर्ड नाही ना, तेही उघडून बघा.

मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप करा. एक फाइल तयार होते. तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून कमी करून घ्या. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा मशीन सपाट टेबलावर डुगडुगलं तर बॅटरी फुगली आहे, ते नकोच. शेवटी पेंटमध्ये जाड ब्रश घेऊन बोटाने अख्खी स्क्रीन कोपऱ्यांसह रंगवा. मध्ये पट्टा कोरा राहिला तर तिथला टच मेलेला आहे. या स्क्रीनमध्ये काच आणि पॅनेल एकत्र चिकटवलेलं असतं, बदलायची तर पूर्ण जोडणी बदलावी लागते, आणि ती रक्कम तुमच्या तीस हजारांशी स्पर्धा करते.

प्रश्न : मी कर सल्लागार आहे. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा टू-इन-वन ऑफरमध्ये मिळतोय, बॅटरी दिवसभर चालते म्हणे. घेऊ? (वाचक, इचलकरंजी)

बॅटरीचं खरं आहे. पण तुमच्या टेबलावर डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन असणार. साधी जुनी सॉफ्टवेअर स्नॅपड्रॅगनवर भाषांतराच्या थरातून चालतात. ड्रायव्हर मात्र चालत नाहीत, ते खास एआरएमसाठी, म्हणजे स्नॅपड्रॅगनच्या बांधणीसाठी लिहिलेले लागतात. टोकन, जुना प्रिंटर, बायोमेट्रिक यंत्र, हार्डवेअर लॉकवर चालणारी जुनी श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर), सगळं इथे अडकू शकतं. तुमच्या प्रत्येक टोकनच्या कंपनीकडे एआरएम६४ चा ड्रायव्हर आहे हे पाहिल्याखेरीज हात घालू नका. इंटेल किंवा एएमडी घ्या.

बिल फर्मच्या जीएसटी क्रमांकावर करायला सांगा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे : ७०,८०० रुपयांच्या मशीनमध्ये १०,८०० कराचे. नोंदणी असेल आणि मशीन व्यवसायासाठी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. हे आम्ही तुम्हाला सांगणं म्हणजे जरा आगाऊपणाच झाला, पण ऑनलाइन ऑर्डर करताना क्रमांक टाकायचा राहतो तो हमखास.

प्रश्न : दीड वर्षाचा लॅपटॉप. झाकण उघडताना डाव्या हिंजपाशी कडेला फट पडते आणि टक् असा आवाज येतो. वॉरंटी संपली. (वाचक, लातूर)

आजपासून झाकण उघड-मिट करणं बंद. उघडा ठेवूनच वापरा आणि दुरुस्तीला न्या. आत काय झालंय ते असं : हिंज ज्या स्क्रूंनी बसलेला असतो, ते स्क्रू पितळेच्या बारीक नटांत आणि ते नट प्लॅस्टिकच्या खुंट्यांत बसवलेले असतात. हिंज घट्ट असतो, झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा पीळ एकाच खुंटीवर येतो आणि नट उपटून निघतो. पुढची पायरी म्हणजे सुटलेला हिंज कडेची पट्टी फोडतो आणि शेजारून जाणारी स्क्रीनची केबल कापतो. आज हजार-दोन हजारांत होणारं काम मग स्क्रीनवर जातं.

कारागीर खुंट्या एपॉक्सी या कडक गोंदाने पुन्हा बसवतो. ते टिकतं, पण एका अटीवर : हिंजच्या टोकाचा नट आधी थोडा सैल करायला हवा. घट्टपणा तसाच ठेवून नुसतं चिकटवलं तर तीन महिन्यांत पुन्हा फट. 'हिंज सैल करून द्या' असं तोंडाने सांगा आणि एपॉक्सी वाळायला पूर्ण दिवस मशीन तिथेच ठेवा. पुढे झाकण मधोमध धरून उघडायचं, मागे वळवताना दोन्ही हातांनी. नवीन घेणाऱ्यांनीही दुकानातल्या डेमो मशीनचा हिंज बघावा, तो शेकडो हातांनी वळलेला असतो. त्याच्या कोपऱ्यांत फट असेल तर तुमच्याही मशीनला पडेल.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो, डिसेंबरात येतोय. तिथून आणला तर स्वस्त पडेल का? (वाचक, पुणे)

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या सुमाराच्या सवलतीत बरेचदा पडतो. तिथे विक्रीकर ६.६२५ टक्के, इथे जीएसटी १८. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम ड्युटीशिवाय आणता येतो. मात्र मुलगा स्वतःचा लॅपटॉपही घेऊन येत असेल तर दुसऱ्यावर विचारणा होऊ शकते; येणारा नवा लॅपटॉप एकच असेल असं बघा.

वॉरंटी इथे चालेल का, हे मॉडेलवर ठरतं. घेतल्या-घेतल्या मुलाला सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर घालून देश 'भारत' निवडायला सांगा. परत करायची मुदत चालू असतानाच हे करायचं. पडणं-सांडणं यांचं जादा संरक्षण तिथे विकत घेऊ नका, ते बहुधा त्याच देशापुरतं असतं. कॉस्टको हे तिथलं मोठं दुकान संगणकाची वॉरंटी दोन वर्षांपर्यंत वाढवतं, पण तीही तिथल्या तिथेच उपयोगी. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. चार्जर ते भिंत ही वायर फक्त इथली घ्या. कळांवर ₹ नसेल. सेटिंगमध्ये 'इंग्लिश (इंडिया)' कीबोर्ड लावला की उजवा ऑल्ट आणि ४ दाबून तो येतो. मराठी टायपिंगसाठी 'मराठी फोनेटिक' विंडोजमध्येच आहे, वेगळं काही घालायला नको.

पेन तिथूनच, त्याच मशीनबरोबर घ्यायला सांगा. आणि निघण्याआधी मुलाने त्याच पेनाने त्या स्क्रीनवर पट्टी ठेवून एक सावकाश तिरकी रेघ ओढून तिचा फोटो तुम्हाला पाठवावा.